ड्रेसर नाना आणि अकरा शनिवार

कुत्र्याला हात लावायच्या आधी हात धुणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आपण सगळे नंतर धुतो, तेही नाक मुरडत. ड्रेसर नाना आधी धुवायचे. लाल साबणाने, कोपरापर्यंत, नखं घासून घासून. मग त्या स्वच्छ हाताने अळ्या पडलेल्या जखमेत सरळ बोटं घालायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "दिवसभर कोठे कोठे हात लाई येतस आपन. त्या बिचाराले कसाले बाधा?" एकदा वॉर्डातले एक पुढारी त्यांच्या गोठ्यात फोटो काढायला आले. कुत्र्याजवळ जायची छाती होईना, म्हणून त्यांनी नानांशीच हात मिळवला आणि फोटो उरकला. नाना तडक नळावर गेले आणि पुढाऱ्यांच्या देखत तोच हात दोनदा धुऊन आले. पुढारी हसले. त्यांना वाटलं, नाना कामाला लागले.

नाना सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टर सुई टोचतो, सही करतो आणि जातो. जखम धुणं, पू काढणं, पट्टी बांधणं हे ड्रेसरचं काम. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी तेच केलं. निवृत्त झाले, मागोमाग बायको गेली, एकुलती एक मुलगी सुरतेला दिलेली. धुळ्यात देवपूर संपून जुना जकात नाका ओलांडला की त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि मागे पत्र्याचा गोठा. त्या गोठ्यात म्हशी नव्हत्या, कुत्री होती. हायवेवर ट्रकने उडवलेली, कुणी उकळतं पाणी टाकलेली, खरजेने सोललेली, गळ्यात रुतलेल्या दोरीसकट आलेली. अहिराणीशिवाय दुसरी भाषा नाना बोलत नसत. समोर डॉक्टर असो, कलेक्टर असो, नाही तर कुत्रं.

गोठ्यात साखळ्या चारच. पाचवी त्यांनी कधी ठोकली नाही. "दोन हात शेतस. भाकरना टाइम पावत चारच व्हतस," भाकरीच्या वेळेपर्यंत चारच जखमा धुऊन होतात, असा त्यांचा हिशोब. पण कुत्री काही चार-चारच्या गटाने जखमी होत नाहीत. म्हणून बरं होत आलेलं कुत्रं महिना-दोन महिने कुणाच्या तरी घरी ठेवायचं आणि साखळी मोकळी करायची, अशी त्यांची पद्धत होती. कॉलेजची पोरं त्याला फॉस्टर म्हणायची. नाना म्हणायचे पावना. "पावना शे तो, जावई नही. खाटवर बसाडाले नको, पन उपाशी बी ठेवू नका."

पावणा न्यायचा तर एक अट होती. आधी आठ दिवस रोज सकाळी गोठ्यावर यायचं आणि त्याच कुत्र्याची जखम आपल्या हाताने धुवायची. नवव्या दिवशी घेऊन जायचं. ज्याला घाण सोसते त्याला कुत्रं सोसतं, यावर नानांची ठाम श्रद्धा होती. बहुतेक लोक दुसऱ्या दिवशीच गायब व्हायचे. एक मुलगी फोनवर शूटिंग करत करत तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी चिमट्यातून एक अळी निसटून तिच्या बुटावर पडली आणि तिचं प्राणिप्रेम तिथेच संपलं. एका दुकानदाराला राखणीला कुत्रा हवा होता. त्याने विचारलं, "नाना, चावतो ना पण?" नाना म्हणाले, "तुमले चावाले पाहिजे, पन त्यानं पोट आधीच बिघडेल शे." एक नवरा-बायको तर उलट आपलाच धडधाकट लॅब्रेडोर सोडायला आले. मुलाच्या वाढदिवसाला हौसेने घेतला होता, आता म्हणे घरभर केस गळतात. नानांनी विचारलं, "पोऱ्याना केस गळतीन तवय त्याले बी आठेच आनशात का?" बाई रागावून निघून गेल्या. लॅब्रेडोर राहिला.

मला किळस फार. हे आत्ताच सांगून टाकते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चाळीसगावला माहेरी आमच्या आईने आम्हाला दाराची कडी धरली तरी हात धुवायला लावलेलं. कुणी माझ्या पेल्याने पाणी प्यायलं तर मी तो पेला उन्हात पालथा घालते. कुत्रं म्हटलं की मला आठवायचे गोचीड, फुगलेले, वाटाण्याएवढे. शी! नाना आमच्या गल्लीतून दूध आणायला जायचे तेव्हा टर्पेन्टाइन, आयोडीन आणि ओल्या कुत्र्याचा असा मिळून एक वास पुढे यायचा. मी खिडकी लावून घ्यायचे. त्यांना ते दिसायचं. तरी ते रोज म्हणायचे, "काय माय, बरं शे ना?" लहान-मोठ्या सगळ्या बायका त्यांना मायच.

तर अशा या माणसाच्या गोठ्यापुढे एका उन्हाळ्यात रांग लागली. खरंच रांग! शिकलेसवरलेले लोक, कडक इस्त्रीचे कपडे, पायात नवे बूट, आणि सगळ्यांना कुत्रं पाहिजे. आठ दिवसांची अट सांगितली तर एकही जण हलेना. नाक दाबून, डोळे मिटून, कुणी तोंडाला दोन-दोन रुमाल बांधून जखमा धुवायला बसले. आठवा दिवस भरून नेऊ लागले. नाना हरखले. दुधाच्या डेअरीवर त्यांनी मला थांबवून सांगितलं, "माय, धुळं सुधरी गयं. चारी साखया मोकळ्या व्हयन्यात." सगळ्यांना काळंच कुत्रं हवं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण काळ्या कुत्र्याला एरवी कुणी घेत नाही, अपशकुनी म्हणतात, म्हणून त्यांना उलट आनंदच झाला. का पाहिजे, हे त्यांनी कुणाला खोदून विचारलं नाही. ते आपले सगळ्यांच्या नाकाकडे बघत राहिले.

कारण काय ते मला चांगलं ठाऊक होतं. जळगावकडच्या एका ज्योतिषाचा व्हिडिओ घरोघर फिरत होता. साडेसाती असेल, कोर्टकचेरी असेल, लग्न मोडत असेल, तर घरी काळं कुत्रं ठेवा. अकरा शनिवार त्याला आपल्या हाताने तेल लावलेली पोळी घाला. कुत्रं जखमी असेल तर फळ दुप्पट. आणि अकरावा शनिवार झाला की त्याला गावाच्या शिवेबाहेर सोडून या, मागे वळून पाहू नका. तुमची पीडा त्याच्याबरोबर जाते. हा उपाय! नानांकडे साधा बटणांचा फोन होता. त्यांच्यापर्यंत हा व्हिडिओ पोचायची सोयच नव्हती.

आणि त्या रांगेत मीही होते. लाज वाटते, पण होते. आमचे हे जिल्हा परिषदेत. त्यांच्या टेबलावरची एक फाइल गहाळ झाली, चौकशी लागली, हे घरी बसले. फाइल कुणी गहाळ केली, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारत नव्हतं. सगळा दोष शनीचा. सासूबाईंनी तो व्हिडिओ मला चारदा दाखवला. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "अहो, पण शेवटी सोडून द्यायचं म्हणजे ते मरेल की." सासूबाई म्हणाल्या, "कुत्रंच आहे. आणि तुझ्या नवऱ्याचं काय?" चौथ्या वेळी मी काही म्हटलं नाही. कुत्रं सोडायचंच आहे हे पक्कं माहीत असताना मी नानांच्या दारात जाऊन उभी राहिले.

नानांना मला बघून इतकं आश्चर्य वाटलं की हातातला चिमटा तसाच राहिला. रोज खिडकी लावणारी बाई! त्यांनी एकच विचारलं, "माय, तुले काबरं पाहिजे?"

मी म्हटलं, "मला कुत्र्यांची आवड आहे, नाना."

पहिल्या दिवशी मी गोठ्याच्या मागे जाऊन ओकले. माझ्या वाट्याला एक काळी कुत्री आली होती. मागच्या डाव्या पायावरून गाडीचं चाक गेलेलं, मांडीला नानांनी टाके घातलेले, आणि टाक्यांच्या कडेने पू. तो वास अंगाला चिकटायचा, केसात बसायचा, जेवताना वरणातून यायचा. चौथ्या दिवसापासून मला तो यायचा बंद झाला, याचीच मला जास्त किळस वाटली. नाना शेजारी उकिडवे बसून शिकवायचे. "दाबू नको. धीरे. त्याले दुखस ते त्याना कानले देख, तोंडले नको." टाक्याची शेवटची गाठ ते उलटी मारायचे, डावीकडून. तसा हात दवाखान्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता, असं अभिमानाने सांगायचे. आठव्या दिवशी काम झाल्यावर त्यांनी आपल्या ताटातली अर्धी कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे ठेवला. "तू ऱ्हायनी माय. मी म्हनत व्हतो, पयनी." मी टिकले, पळाले नाही, याचं त्यांना केवढं कौतुक. मी ती भाकरी खाल्ली. 

घरी काळीला मोरीमागे बांधली. शनिवारी सकाळी हे आंघोळ करून यायचे, तेल थापलेली पोळी दोन बोटांत धरायचे आणि लांबून टाकायचे. काळीला ते तेल सोसत नव्हतं. रविवारी सगळी घाण मी साफ करायची. वास, माश्या, आणि सासूबाईंचं आतून "झालं का गं?" सहाव्या शनिवारी काळी पोळीला तोंड लावेना, तर ह्यांनी तिचा जबडा धरून कोंबली. एरवी तिच्यापासून दहा हात लांब राहणारा हा माणूस! मी त्या दिवशी ह्यांच्याकडे पाहिलं आणि मला पेला उन्हात घालावासा वाटला, ह्यांचा. मला काळीची माया लागली वगैरे मी म्हणणार नाही. मला तिचा वैतागच यायचा. पण दुपारी बाहेरून आले की फरशीवर मोडका पाय उचलून चालणाऱ्या तिच्या तीन पायांचा आवाज यायचा, आणि एखादे दिवशी तो आला नाही की मी चप्पल न काढता आधी मोरीमागे जायचे.

नवव्या शनिवारनंतर ह्यांना कामावर हजर व्हायचं पत्र आलं. घरात पेढे! सासूबाईंनी काळीपुढे हात जोडले आणि लगेच दोन पावलं मागे सरकल्या. आता तर तिच्यात सगळी पीडा भरलेली ना. दहावा शनिवार झाला. अकराव्यानंतर रविवारी सकाळी लळिंगच्या घाटापुढे नेऊन सोडायची, असं ठरलं. ह्यांनी मित्राची गाडीसुद्धा सांगून ठेवली, आमच्या गाडीत नको म्हणून. मी आठवडाभर ठरवत होते. ठेवायची की सोडू द्यायची. ठेवायची तर ह्यांच्याशी आणि सासूबाईंशी उभं भांडण. सोडायची तर घाटातले ट्रक आणि तीन पाय. सोमवारी मी ठरवलं, ठेवायची. मंगळवारी ठरवलं, आपल्याला झेपणार नाही. बुधवारीही माझं तेच चाललं होतं.

गुरुवारी संध्याकाळी नाना दारात उभे राहिले. हातात पिशवी, तोंड उतरलेलं. आत या म्हटलं तरी येईनात. म्हणाले, आठवड्यात हायवेवर तीन काळी कुत्री मेलेली मिळाली. एक लळिंगला, दोन नगावबारीच्या पुढे. तिघांच्या अंगावर त्यांचेच टाके. ती उलटी गाठ. चौथं जिवंत होतं, ते गोठ्यात आणलं आणि नेणाऱ्याच्या घरी विचारायला गेले, तेव्हा त्या घरच्या म्हातारीने मोठ्या अभिमानाने सगळा उपाय सांगितला. नानांनी माझ्याकडे पाहिलं. "माय, तुना कितला शनिवार व्हयनात?"

मी म्हटलं, "दहा."

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं. मी पुढे म्हणणार होते, नाना, मी हिला ठेवणार आहे. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे नाक्याच्या पलीकडेच राहतात ना? मग यांनाच देऊन टाक. शिवेबाहेरच झालं ते." आणि पेपरातून तोंड वर काढून हे म्हणाले, "हो, तसंही काम झालंय आता. घाटात जायला नको."

आपली पीडा त्या म्हाताऱ्याच्या दारात. त्याच्या तोंडावर, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. मला आत्ता हे लिहितानाही किळस येते. पण त्या वेळी मी काय केलं? मी गप्प बसले. भांडण न करता सुटले, असं मनात आलंसुद्धा. मोरीमागे गेले, साखळी सोडली आणि काळीला नानांच्या हातात दिलं.

नाना चिडले नाहीत. सासूबाईंकडे बघून म्हणाले, "द्या, द्या. तुमनी साडेसाती मन्हा घर ऱ्हाई. मन्हाकडे जागा शे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "येतो मॅडम."

त्या दिवसापासून मी मॅडम झाले.

काळीच्या जाण्याने घर स्वच्छ झालं. मोरी धुतली, फिनेल टाकलं, वास गेला. आणि मला त्या स्वच्छ घरात बसवेना. तिसऱ्या आठवड्यात मी गोठ्यावर गेले. फाटकाला आतून कडी होती. मी म्हटलं, "नाना, चुकलं माझं. काळी मला परत द्या. मी घरी सांगितलंय, भांडणही केलंय. आता मी नेणारच." नानांनी कडी काढली नाही. पत्र्याआडून बोलले, "आठ दिन मी तुमनं नाक देखं, मॅडम. तुमले घाण सोसनी, मी खूश व्हयनू. पन घाण त गटारले बी सोसस."

नाना खरं तेच बोलत होते. त्यांनी आठ दिवसांची अटच मोडून टाकली होती. कुणाला पावणा देणंच बंद. चार साखळ्या, चार कुत्री, बाकीची हायवेवर पडलेली असली तरी जागच्या जागी पट्टी बांधून यायचे, घरी आणायचे नाहीत. लोकांचंही शनिवारचं वेड ओसरलं होतं. ज्योतिषाने आता म्हणे गाढवाचा काहीतरी नवा उपाय काढला होता. धन्य ते लोक आणि धन्य तो ज्योतिषी! आम्ही आपले नव्या गाढवाच्या शोधात.

मी मात्र रविवारी जात राहिले. फाटकाबाहेरच्या नळावर कुत्र्यांच्या थाळ्या पडलेल्या असायच्या, त्या घासायच्या आणि यायचं. चिकटलेला भात, माश्या, लाळ. पहिल्या रविवारी नाना दिसले आणि आत निघून गेले. चौथ्या रविवारी त्यांनी फाटक उघडं ठेवलं, पण बोलले नाहीत. काळी यायची, माझ्या हाताचा वास घ्यायची आणि नानांच्या पायाशी जाऊन बसायची. असं जवळजवळ वर्षभर चाललं. घरी सासूबाई माझ्या ताटाला हात लावायच्या बंद झाल्या. मी म्हटलं, बरं झालं.

मग पावसाळ्यात नाना गोठ्याच्या ओल्या फरशीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगी सुरतेहून आली. घराला कुलूप लावून वडिलांना घेऊन जायचं ठरलं. तिच्या फ्लॅटमध्ये एका कुत्र्याची परवानगी कशीबशी मिळाली, ती काळीच्या वाट्याला गेली. दोन कुत्री लळिंगच्या एका ढाबेवाल्याने ठेवून घेतली. त्याच्याकडे नाना पूर्वीपासून पट्टी करायला जायचे. उरला एक म्हातारा पांढरा. डोळे गढूळ, दात संपलेले, आणि शेपटीखाली एक मोठी गाठ, सतत रक्त गळणारी. त्याच्यासाठी मुलीने बऱ्याच जणांना फोन केले. एकाने तर स्पष्टच विचारलं, पांढऱ्याचा काही उपयोग असतो का?

जायच्या दिवशी सकाळी आमच्या दारात रिक्षा थांबली. आत नाना, वॉकर, आणि त्यांच्या पायाशी तो पांढरा. नाना खाली उतरू शकत नव्हते. मी बाहेर गेले. वास असा की रिक्षावाला लांब जाऊन उभा राहिला होता.

"हाऊ धवया शे," नाना म्हणाले. "पांढरा. यानाघाई तुमनं काहीच भलं व्हवाव नही."

मी विचारलं, "किती दिवस ठेवायचा?"

"मरस तवलोंग."

मागे दारात सासूबाई होत्या, हे होते. हे म्हणाले, "ए, तो घरात येणार नाही हं." मी म्हटलं, "येणार आहे. तुम्हाला नको असेल तर तुम्ही बघा काय करायचं ते." पंचवीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना चारचौघांदेखत पहिल्यांदाच असं बोलले. नाना ऐकत होते. त्यांनी दोरी माझ्या हातात दिली, गाठ रोज दोनदा कशी धुवायची ते सांगितलं, औषधाची पिशवी दिली आणि रिक्षावाल्याला हाक मारली. शाबासकी नाही, आशीर्वाद नाही. रिक्षा गेली.

त्या म्हाताऱ्या पांढऱ्याने मला छळ छळ छळलं. घरभर रक्ताचे थेंब, रोज चार चादरी, आणि स्वभावही असा की हात लावला की गुरगुरायचा. त्याचं आणि माझं कधी गोडीगुलाबीने जमलं नाही. पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने, नानांचा फोन यायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "म्हतारा शे का?" मी म्हणायचे, "आहे." मग गाठीचं विचारायचे, खाण्याचं विचारायचे आणि फोन ठेवून द्यायचे. मागे कुठेतरी काळीच्या चालण्याचा आवाज यायचा.

हिवाळ्यात एका दुपारी म्हाताऱ्याने खाणं सोडलं. दोन दिवस नुसता माझ्या पदरावर तोंड ठेवून पडून होता. तिसऱ्या दिवशी गेला. मी आणि शेजारच्या नर्सबाईंनी मिळून त्याला नाक्यापलीकडे नानांच्या बंद गोठ्यामागे पुरला. आठवड्याने फोन आला. "म्हतारा शे का?"

मी म्हटलं, "आहे."

का म्हटलं कोण जाणे. तोंडातून गेलं. त्यानंतर पुन्हा फोन आला, पुन्हा मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आला तो नानांचा शेवटचा. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी ते सुरतेला झोपेत गेले, मुलीने कळवलं. पण त्या दुपारी त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता.

"म्हतारा शे का?"

"आहे."

"गाठ कितली मोठी शे आते?"

"आहे तेवढीच आहे, नाना."

नाना म्हणाले, "मॅडम, ती गाठ तेवढीच ऱ्हास नही. पस्तीस वरीस गाठी देख्यात मी. कवय गया तो?"

मला रडूच आलं. मी म्हटलं, "दीड महिना झाला."

"जवय कोन व्हतं?"

"मीच होते. पदरावर गेला."

"मंग खोटं काबरं बोलनात?"

"तुमचा फोन यायचा बंद होईल म्हणून," मी म्हटलं. आता थू म्हणतील, फोन ठेवतील, असं वाटलं. शनिवारवालीच ही शेवटी, असं म्हटलं असतं तरी ते खोटं नसतं.

नाना खाकरले. "मंग जागा रिकामी शे तुमना घर," ते म्हणाले. "लळिंगना ढाबावरथून फोन येल व्हता सकाळे. एक पडेल शे तठे. तीन दिनपशी. कोनी हात लावत नही."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. चादरी नुकत्याच वाळत घातल्या होत्या, घराचा वास नुकता गेला होता, हे माझ्याशी नुकते बोलायला लागले होते. आणि मी विचारलं, "काळं आहे की पांढरं?"

"काय समजी, मॅडम," नाना म्हणाले. "खरजनं बठ्ठं खाई टाकं. अंगवर एक केस नही."

मी कोपऱ्यावरून रिक्षा केली. लळिंगला जायचं आणि येताना एक आजारी कुत्रं घेऊन यायचं, असं आधीच सांगितलं. रिक्षावाला नाराज झाला. सीटकडे बघून म्हणाला, "ताई, घाण करेल ना ते."

"करणारच," मी म्हटलं आणि बसले.